अठरा दिवस कमी

२० जानेवारी २०२५

आज ऑफिसात पीएफला नाही म्हणून आले. फॉर्म अकरा. बेसिक पंधरा हजारांच्या वर असलं आणि याआधी कधीच पीएफ कापला गेला नसला तर तसं लिहून देता येतं. मी आजवर फ्रीलान्सच केलं, त्यामुळे माझं कुठे काही कापलेलं नाही. एचआरची मुलगी दोनदा म्हणाली, शुअर ना, मागाहून नको बोलू. मी म्हटलं शुअर. महिन्याला छत्तीसशे जास्त हातात येतील. त्यांचं काय करायचं ते माझं मी बघीन. एसआयपी वगैरे.

घरी आईला सांगितलं की नोकरी पक्की, लोअर परळला, करी रोडहून चालत पंधरा मिनिटं. ती गवार मोडत होती. विचारलं, "तुझं कापतात का?" मी म्हटलं नाही, मीच नको बोलले. ती म्हणाली बरं, आणि गवार मोडत राहिली. तिचं बरं म्हणजे बरं नसतं. पण मी दमले होते, विचारत बसले नाही.

२३ जानेवारी

कंपनी पैशांचं अ‍ॅप चालवते आणि मी त्यावर मराठी लेख लिहिते. माझा बॉस वैभव, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा, पण बोलतो असा की रिटायर होऊन परत आलाय. पहिला विषय दिला: सक्तीची पेन्शन की आपल्या मर्जीची बचत.

दुपारपर्यंत एवढंच लिहून झालं:

सक्तीची. पगारातून आपोआप जाते. कोणी विचारत नाही. म्हातारपणी थोडे थोडे मिळतात, पण मरेपर्यंत मिळतात.
मर्जीची. हवे तेवढे टाका. बाजार चढला तर भरपूर. मन बदललं तर बंद.

वैभवने वाचलं आणि म्हणाला, "ठीकाय, पण यात माणूस कुठेय? एखादं खरं उदाहरण टाक ना."

आई घरातच आहे. फुकटचं उदाहरण.

२६ जानेवारी

सुट्टी. आईकडे कागद मागितले. साडीच्या दुकानाची एक प्लास्टिकची पिशवी आहे तिची, रेशनकार्डापासून पपांच्या मृत्यूच्या दाखल्यापर्यंत सगळं त्यात. जमिनीवर मांडून बसलो.

आई परळच्या एका मोठ्या प्रायव्हेट हॉस्पिटलात २००४ पासून हाउसकीपिंगला आहे. फरशी तीच, वॉर्ड तेच, मुकादमसुद्धा तोच. फक्त कॉन्ट्रॅक्टर बदलतो आणि युनिफॉर्मच्या खिशावरचं नाव बदलतं. प्रत्येक वेळी कागदावर जुनी नोकरी सुटायची, नवी लागायची, आणि मुकादम फॉर्मचा गठ्ठा घेऊन यायचा. पीएफ काढायचाय ना? सगळ्याजणी काढतायत. सगळ्याजणी काढायच्या. नुसता पीएफ नाही, त्यासोबत पेन्शनचे पैसेपण. आणि पेन्शनचे पैसे काढले की मागची वर्षं पुसली जातात. पेन्शनला दहा वर्षं भरावी लागतात. आईने तीन वेळा पुसली. बँकेच्या जुन्या पासबुकात तारखा आहेत: डिसेंबर २००८, मे २०१२, जानेवारी २०१६.

मी जरा चिडलेच. म्हटलं, कशाला काढलेस गं? राहू दिले असतेस तर आज वीस वर्षं झाली असती.

"लागले होते," म्हणाली. आणि पिशवी आवरायला लागली.

२००८चं समजू शकते, पपा त्या वर्षी गेले. पण २०१२? दहावीचा क्लास लावला होता मला तेव्हा, घरात सगळं ठीक चाललं होतं. आणि जानेवारी २०१६ तर मला लख्ख आठवतो. बीएमएमचं पहिलं वर्ष, आणि माझा पहिला स्वतःचा लॅपटॉप. त्यावर मी पहिला ब्लॉग लिहिला होता, बायका आणि आर्थिक स्वातंत्र्य. त्याच महिन्यात माझी स्वतःची आई पेन्शन मोडून खात होती आणि मला पत्ता नव्हता. हे लेखात टाकायला पाहिजे. बचतीबद्दलचं अज्ञान आपल्या घरातच असतं.

१ फेब्रुवारी

लालबागला झेरॉक्सच्या दुकानाबाहेर गुणाजी काका टेबल टाकून बसतात. पीएफचे फॉर्म भरून देतात. पूर्वी गिरणीच्या टाइम ऑफिसला होते, गिरणी गेली, टेबल राहिलं. हॉस्पिटलातल्या सगळ्या बायका त्यांच्याकडेच जातात. आईला घेऊन गेले.

त्यांनी आईचा पीएफचा यूएएन नंबर टाकून माझ्याच मोबाईलवर सगळं बघितलं आणि एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे मांडत गेले. शेवटची नोकरी लागली २ नोव्हेंबर २०१५. तेव्हापासून कॉन्ट्रॅक्टर बदलला तरी नंबर एकच, म्हणजे वर्षं सलग. नऊ वर्षं सहा महिने भरले की दहा धरतात. दहा झाली की पेन्शन लागते. आईची महिन्याला साडेसतराशेच्या आसपास बसेल.

"सहा महिने कधी भरतात?" आईने विचारलं.

"दोन मेला."

"मग झालं की."

काकांनी चष्मा वर केला. "झालं नाय ताई. अठ्ठावन्नाव्या वाढदिवसाला पेन्शनचा हिशेब बंद होतो. नंतर कितीपण काम करा, त्यात धरत नाय. तुमचा वाढदिवस चौदा एप्रिल."

अठरा दिवस.

काका म्हणाले, नाहीतर एकरकमी घ्या, सव्वा लाखाच्या थोडे आतबाहेर येतील. पीएफचे मेन पैसे वेगळे, ते कुठे जात नाहीत. येताना भारतमाताच्या सिग्नलला आई म्हणाली, "चौदा एप्रिल माझा कुठाय. मी दिवाळीतली."

३ फेब्रुवारी

काल आईने सगळं सांगितलं, तुकड्यातुकड्यात, पोळ्या लाटता लाटता.

बुधाजी आजोबा गिरणीत होते. मंडणगडहून आलेले. आईला म्युनिसिपालटीच्या शाळेत घालायला घेऊन गेले तर मास्तरांनी तारीख विचारली. त्या काळी कुणाच्या घरी तारीख लिहून ठेवलेली असायची? मास्तर सरसकट एक जून टाकून द्यायचे. आजोबा म्हणाले, एक जून कोणाचा कोण. माझ्या पोरांची चौदा एप्रिल लिहा, बाबासाहेबांची. मास्तरांनी लिहिली. त्याच्या पाच वर्षं आधी मामाचीपण तीच लिहून घेतली होती. आमच्या मजल्यावर तेव्हा सात जणांचा वाढदिवस एकाच दिवशी असायचा म्हणे, आणि कोणाला वेगळा करावा लागायचा नाही.

मी विचारलं, तुला त्या साडेसतराशेचं एवढं काय गं? मी आहे ना.

पोळी उलटून म्हणाली, "तू आहेस. पण गोळ्या संपल्या की मला तुझ्या तोंडाकडे बघायला लागेल. शेजारची रमाबाई बघते ना, लेकाच्या. सोन्यासारखा लेक आहे तिचा, तरी बघतेच. मला पहिल्या तारखेला माझे पैसे पाहिजेत. थोडे पण माझे."

मला जरा लागलं ते. मी काय तिला तोंडाकडे बघायला लावणार आहे का?

७ फेब्रुवारी

गुणाजी काकांनी रस्ता सांगितला. आईचा जन्म इथलाच, म्युनिसिपालटीच्या प्रसूतिगृहातला. जन्माची नोंद सापडली तर आधी आधार बदलायचं, मग पीएफमधली तारीख. कॉन्ट्रॅक्टरचा शिक्का लागेल, तो मिळतो. पण त्या काळी नोंदीत मुलीचं नाव नसायचं, नुसतं स्त्री लिहायचे. ती स्त्री म्हणजेच बकुळा, हे रक्ताच्या मोठ्या माणसाने नोटरीपुढे लिहून द्यायला पाहिजे.

मोठं माणूस एकच आहे. राजरत्न मामा.

९ फेब्रुवारी

मामाकडे भायखळ्याला गेलो. मामी गेल्यापासून एकटाच असतो, मुलगा अजित बदलापूरला. मामा महापालिकेच्या पाण्याच्या खात्यात चावीवाला होता. रस्त्यातली झाकणं उघडून वॉल्व्ह फिरवायचा, तेव्हा अख्ख्या गल्लीला पाणी यायचं. सदतीस वर्षं. पहाटे चारची पाळी. बावीस साली रिटायर झाला, जुनी पेन्शन लागली. बावीस हजार, मरेपर्यंत, आणि महागाई वाढली की तीपण वाढते. माझ्या लेखातला पहिला कॉलम म्हणजे मामाच.

आईने सांगितल्यावर मामा लगेच तयार झाला. म्हणाला, "बकू, बाबा मला दाखवायला घेऊन गेले होते तुला. पितळेच्या डब्यातून पेज नेलेली आईला. मी नाय सही करणार तर कोण करणार?"

मग आम्हाला बाजारातली हिरवी वांगी दिली, पिशवीभर. आई वाटेत दोनदा हसली. कशाला ते सांगितलं नाही.

१२ फेब्रुवारी

सापडली! अर्धी रजा घेऊन वॉर्ड ऑफिसला गेले होते. आधी ६७चं आईचं सापडेना. तिथल्या बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या भावंडाचं बघू, पत्ता कसा लिहिलाय ते कळलं की शोधायला सोपं. मामाचं बासष्टमध्ये बघितलं, नाही. एकसष्ट, नाही. साठमध्ये सापडलं. ९ मार्च १९६०. वडील बुधाजी, धंदा गिरणी, पत्त्यात चाळीचं नाव चुकलेलं. तेच चुकलेलं नाव धरून ६७मध्ये शोधलं तर पाच मिनिटांत आई. ३१ ऑक्टोबर १९६७, स्त्री.

दोन्हींचे दाखले सांगून आले. दोन्ही नोंदींचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, मामा, तुम्ही कागदावर दोन वर्षं तरुण आहात, पार्टी द्या. अजितने हसण्याचे पाच चेहरे टाकले. पनवेलच्या प्रितीताईने टाकले. मामाने बघितलं, निळी टिक आली. तो टाइप करायला कंटाळतो.

१७ फेब्रुवारी

नोटरीकडे अकराची वेळ होती. आई हाफ डे टाकून आली. मी मीटिंग सोडून आले. मामा आला नाही. फोन केला तर म्हणाला पोटात बिघडलंय.

२२ फेब्रुवारी

परत वेळ घेतली. आज म्हणाला अजितच्या सोसायटीचं काम निघालंय, बदलापूरला आहे. मागे भायखळ्याच्या मार्केटमधला आवाज येत होता. कांदेवाला ओरडत होता.

मी आईला म्हटलं, हा खोटं बोलतोय. आई म्हणाली, असेल कामात. आणि भांडी घासायला घेतली, जी आधीच घासलेली होती.

२८ फेब्रुवारी

लेख प्रसिद्ध झाला. वैभवने आईचं उदाहरण काढून टाकलं. म्हणाला, डिप्रेसिंग होतंय यार, लोक बचत करायला येतात आपल्याकडे, रडायला नाही. शेवटी त्याने स्वतः एक वाक्य टाकलं, तुमच्या गरजेनुसार योग्य पर्याय निवडा. मी भांडले नाही. भांडायचा पण एक स्टॅमिना लागतो.

९ मार्च

रविवार. आईला न सांगता मामाकडे गेले. वाटेत आठवलं की आज त्याचा खरा वाढदिवस, म्हणून पाव किलो पेढे घेतले. नको होते घ्यायला.

मामाने चहा केला. पेढ्यांकडे बघितलं आणि डबा बंदच ठेवला. मी सरळ विचारलं, सही करायची नसेल तर तसं सांगा, आईला किती वेळा उन्हात उभं करणार आहात?

बराच वेळ बशीत चहा ओतत बसला. मग म्हणाला, "अपू, मी नोकरीला लागलो ते शाळेच्या दाखल्यावर. बासष्ट साल. रिटायर झालो ते पण त्याच्यावरच. खरं धरलं तर मी दोन वर्षं जास्त नोकरी केली. दोन वर्षांचा पगार. तो परत मागितला तर? पेन्शन थांबवून चौकशी लावली तर? माझ्याकडे दुसरं काय आहे सांग."

मी म्हटलं, "मामा, सही तुम्ही आईच्या जन्मासाठी करणार. तुमची तारीख त्यात येत पण नाही. कोण बघणार आहे?"

"तू बघितलंस ना?" मामा म्हणाला. "आणि सगळ्यांना दाखवलंस."

मी मदतच करत होते. एका भावाला बहिणीसाठी एक सही करता येत नाही, आणि वर माझीच चूक. हीच ती खात्रीची पेन्शन. माणसाला घाबरट करून टाकते.

पेढे तिथेच ठेवून आले.

१० मार्च

आईला सांगितलं. तिला आधीच माहीत होतं. मी ग्रुपवर फोटो टाकले त्याच्या चार दिवसांनी मामा हॉस्पिटलच्या गेटवर गेला होता तिची पाळी सुटायच्या वेळेला. दोघं समोरच्या फुटपाथवर उभे राहून बोलले. म्हणजे पहिल्या वेळेला ती नोटरीकडे आली तेव्हाच तिला माहीत होतं की तो येणार नाही. तरी आली, हाफ डे कापून घेऊन.

का, विचारलं तर म्हणाली, "वाटलं, येईल."

मग मी दुसरे रस्ते सांगायला लागले. दूरची मावशी, गॅझेट, वकील. तिने हात वर केला.

"एकाच आईबापाची आहोत आम्ही. माझं पान उघडलं की त्याचं पण उघडतं. त्याने सदतीस वर्षं पहाटे उठून झाकणं उचलली, पाठ गेली त्याची. त्याची पेन्शन मी नाय हलवणार. तू आता यात पडू नकोस."

मी म्हटलं, मग तुझं काय?

"माझं अठरा दिवस कमी पडलं," म्हणाली. असं म्हणाली जसं डब्यात मीठ कमी पडलंय.

१४ एप्रिल

आज आईला कागदावर अठ्ठावन्न पूर्ण झाली. पांढरी साडी नेसून सकाळी वंदनेला गेली, मी पण गेले. खालच्या मजल्यावरच्या इरावती काकू, गेली चाळीस वर्षं म्हणतात तसं, म्हणाल्या, बकुळा, आज तुझा पण दिवस गं. आई म्हणाली, हो ना. खीर वाढली लोकांना. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी पण वाढायला उभी राहिले.

१६ एप्रिल

कॉन्ट्रॅक्टरने कालपासून आईला व्हाउचरवर, म्हणजे रोजंदारीवर घेतलं. काम तेच, फरशी तीच. युनिफॉर्म परत घेतला नाही, पण कार्ड घेतलं. आता काही कापत नाहीत. हातात थोडे जास्त येतील. आई हे सांगताना माझ्याकडे बघत होती. मी मोबाईलमध्ये होते.

२६ एप्रिल

गुणाजी काकांकडे जाऊन एकरकमी पैशांचा फॉर्म भरला. आई सही हळू करते, प्रत्येक अक्षर वेगळं. काकांनी विचारलं, पैसे कुठे टाकणार ताई? मी मध्येच बोलले की म्युच्युअल फंडात टाकू, एसडब्ल्यूपी लावू, दर महिन्याला येतील, पेन्शनसारखेच. लेखात लिहिलंय मी.

आईने काकांना विचारलं, "साडेसतराशेच्या हिशेबाने किती वर्षांचे झाले हे?"

काकांनी पत्रिकेच्या मागे भागाकार केला. "पावणेसहा."

"म्हणजे चौसष्टपर्यंत," आई म्हणाली. "दादा आता पासष्टचा आहे."

पोस्टात टाकायचं ठरलं. माझं कोणी ऐकत नाही. दिवसाला चार हजार लोक माझं वाचतात.

१ जून

सकाळी साडेनऊला मामा आला. मार्चपासून त्याचं तोंड बघितलं नव्हतं मी. तीन जिने चढून धापा टाकत होता. जय भीम म्हणाला, पाणी प्यायला, आणि खिशातून पाकीट काढून आईच्या पुढ्यात ठेवलं. आईने माझ्यासमोर उघडलं. पाचशेच्या तीन, शंभरच्या दोन, पन्नासची एक.

"माझी एक तारखेला जमा होते," मामा जमिनीकडे बघत म्हणाला. "जेवढी तुला मिळाली असती तेवढी. मी आहे तोवर."

मला वाटलं आई पाकीट परत सरकवेल. तिने ते उचललं, पिशवीत ठेवलं आणि विचारलं, चहा घेणार की कॉफी.

तो गेल्यावर मी खूप बोलले. बोलू नये ते पण बोलले. की ही लाच आहे, गप्प बसायची. की तू माझ्याकडून एक रुपया घेत नाहीस, गोळ्यांचे पैसे दिले तर टीव्हीखाली ठेवतेस, आणि त्याच्याकडून घेतलेस, ज्याने तुला उन्हात उभं केलं. मी तर खुशीने देत होते.

आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "खुशीने देतेस तेच तर. उद्या तुझं लग्न होईल, नोकरी सोडशील, तुझी खुशी दुसरीकडे जाईल. जावी पण. त्याचं तसं नाय. त्याला द्यावेच लागणार. नाय दिले तर त्याला झोप यायची नाय."

याला काही अर्थ नाही. पण मी आता कोणालाच समजवायला जात नाही.

३ ऑगस्ट

मामा आज आला. दोन दिवस लेट. आईने दारातच विचारलं, "काय रे, सर्व्हर डाऊन होता काय?"

मामा पहिल्यांदा हसला, फेब्रुवारीपासून पहिल्यांदा. म्हणाला गुडघा. एक्स-रे काढायला लावलाय. आईने पाकीट घेतलं, मोजलं, आणि मग तिळाच्या तेलाची बाटली काढून त्याच्या गुडघ्याला चोळायला बसली. तो नको नको म्हणत होता. ती म्हणाली, गप बस, पाय पुढे कर.

आता दर रविवारी ती भायखळ्याला जाते. डबा घेऊन. त्याची बीपीची गोळी घेतली की नाही ते गोळ्यांच्या पाकिटावर टिक करून येते. स्वतःचा एकमेव सुट्टीचा दिवस. मला वाटतं ती उपकार फेडते. मी म्हटलं तसं, तर म्हणाली, असेल.

२२ सप्टेंबर

मामा बाथरूममध्ये घसरला. मोडलं नाही काही. आई ड्युटी सोडून धावत गेली, व्हाउचरवर असल्यामुळे एक दिवसाचे पैसे गेले. अजित बदलापूरहून साडेचारला पोचला, आई साडेअकराला पोचली होती. अजित तिला म्हणाला, आत्या, तू होतीस म्हणून. आई म्हणाली, मी असणारच.

६ नोव्हेंबर

नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असं लिहून द्यावं लागतं. हयातीचा दाखला. नाही दिला तर डिसेंबरपासून पेन्शन थांबते. मामा म्हणत होता बघू महिनाअखेरीस, गुडघा दुखतोय, आत्ता गर्दी असते.

मी म्हटलं, अहो आता जायची गरज नाही, मोबाईलवर चेहरा दाखवला की होतं. मी घरी बसून पाच मिनिटांत करून देते. आई म्हणाली, मोबाईलमधलं जिवंत नको. साहेबासमोर जायचं. आणि महिनाअखेर नाही, आज.

ती दोन दिवस मागे लागली होती. आज तिने पाळी बदलून घेतली, मी घरून काम आहे असं वैभवला कळवलं, आणि तिघं टॅक्सीने भायखळ्याच्या ब्रँचला गेलो. टॅक्सीचे पैसे आईने दिले. मामाला एका बाजूने तिने धरलं होतं, एका बाजूने मी. पायरीवर तिने त्याला सांगितलं, उजवा पाय आधी, घाई नाय.

बाकड्यावर तीस-चाळीस म्हातारे. टोकन एकतीस. मामा दोनदा उठून म्हणाला, चल बकू, उद्या येऊ. आईने त्याच्या शर्टाची बाही धरून ठेवली.

नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या मुलीने मामाचा अंगठा मशीनवर ठेवायला सांगितला. उमटेना. सदतीस वर्षं लोखंडी चाव्या फिरवलेल्या हाताचा अंगठा, रेषा राहिल्यात कुठे. दुसरं बोट, तिसरं बोट. मुलगी म्हणाली, आजोबा, नंतर या, मशीनचा प्रॉब्लेम असेल. आईने मामाचा हात घेतला, पदराने पुसला, तोंडाजवळ नेऊन त्यावर वाफ सोडली, आणि पुन्हा मशीनवर दाबून धरला. चौथ्या वेळेला हिरवा दिवा लागला.

मुलगी कौतुकाने बघत होती. म्हणाली, "आजी, तुमचं पण पेन्शन आपल्याकडेच आहे का? तुमचा पण दाखला आत्ताच करून टाकते."

"माझं वेगळं नाय," आई म्हणाली. "याच्यातच आहे. याचं नीट लिहून घे."

मुलगी हसली. मामा खाली बघत होता. आई हसली नाही. पावती छापून येईपर्यंत ती काउंटरवरून हलली नाही.